मणेर गल्लीची पोरगी

"सुई कधी टोचणार?"

"टोचून झाली. आता रक्त चाललंय बाटलीत. तिकडं बघू नका."

बघू नका म्हटल्यावर माणूस बघतोच. त्यानंही बघितलं, आणि तो सहा फुटी गडी खुर्चीतल्या खुर्चीत डावीकडं कलला. सृष्टीनं एका हातानं सुई सांभाळली, दुसऱ्या हातानं त्याचा खांदा धरला आणि ओरडली, "ओ साहेब... ओ... माझ्याकडं बघा, माझ्याकडं!"

त्यानं डोळे उघडून तिच्याकडं बघितलं. मग बघतच राहिला.

"झालं रक्त घेऊन," ती म्हणाली. "आता दुसरीकडं बघितलं तरी चालतंय."

"असू द्या... चक्कर अजून गेली न्हाई."

धाराशिवच्या त्या लॅबमध्ये सृष्टी तीन वर्षं हेच काम करत होती. घाबरणारी माणसं तिनं रगड बघितली होती, पण घाबरून वर असं बोलणारं हे पहिलंच. तिनं त्याच्या दंडाचा पट्टा सोडला आणि फॉर्म पुढं ओढला. नाव उत्कर्ष, वय सत्तावीस, गाव सास्तूर. एका खाजगी कंपनीत नवा लागला होता. जुन्या शहरात गटारांची नवी लाईन टाकायची, त्याआधी गल्ली न् गल्ली मोजायचं काम त्या कंपनीकडं होतं. रुजू व्हायच्या आधी तब्येत तपासून आणा म्हणाले, म्हणून आला होता.

कापसाचा बोळा दाबून धरत त्यानं विचारलं, "तुम्ही कुठं राहता? म्हणजे... रिपोर्ट न्यायला आलो आन् लॅब बंद असली तर..."

"लॅब बंद असली तर मी रिपोर्ट घरून देत नाही."

"न्हाई, सहज."

"बायपासकडं," ती म्हणाली. "नवीन कॉलनीत."

किती सहज म्हणाली! जीभ जराही अडखळली नाही. सवयच झाली होती तिला.

आता ही पोरगी खोटं का बोलली, ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाता यायचं नाही. सृष्टी राहायची मणेर गल्लीत. जुन्या धाराशिवात निजामाच्या काळातली एक दगडी कमान आहे, ती ओलांडली की गल्ली सुरू होते. कमानीवर उर्दूत काहीतरी कोरलंय. ते वाचता येणारं माणूस गल्लीत एकच उरलंय, आणि ते दर वेळी वेगळा अर्थ सांगतं. तोंडाशी मणेरांची, म्हणजे बांगड्या विकणाऱ्या मुसलमानांची, पाच घरं. त्यांना लागून सृष्टीच्या वडलांची, सोमलिंगअप्पांची पिठाची गिरणी. पुढं जैनांचं किराणा दुकान, महादेवाचं देऊळ, देवळाच्या भिंतीला पाठ लावून मशिदीची भिंत, मग शिंपी, मग सुतार. गल्ली एवढी चिंचोळी, की समोरासमोर दोन मोटारसायकली आल्या तर एकानं मागं सरायचं, आणि कोणी सरायचं यावर दोघांच्या आज्यांपर्यंतची ओळख निघायची. नळाला पाणी आठ दिवसांतून एकदा. एका घरात भाजी फोडणीला पडली की चार घरांना वास जायचा आणि पाचव्या घराला वाटी.

गेल्या वर्षी सृष्टीला बघायला लातूरचे पाव्हणे आले होते. त्यांची मोठी गाडी कमानीतून आत शिरेना. मुलाची आई नाकाला पदर लावून चालत आली, पोहे खाल्ले, आणि जाताना म्हणाली, "इतक्या आत राहता होय? आन् शेजार बी सगळा मिसळच की हो तुमचा." चार दिवसांनी नकार आला. खरं म्हणजे लाज वाटायला पाहिजे होती त्या बाईच्या बोलण्याची. सृष्टीला वाटली ती गल्लीची. तेव्हापासून कुणी विचारलं की ती बायपासकडं राहायची.

आणि गल्लीची लाज म्हणजे पर्यायानं कुलसुमबीची लाज. मणेरांच्या पहिल्या घरातली ही सत्तरीची बाई. सृष्टीची आई दैवशाला दिवसभर नवऱ्याच्या जोडीनं गिरणीवर उभी असायची, आणि तान्ह्या पोरीला पिठाच्या धुरळ्यात ठेवायचं कसं? म्हणून चार महिन्यांची असल्यापासून सृष्टी दिवसा कुलसुमबीच्या घरात. चालायला शिकली ती तिथंच. लिंगायताची पोर म्हणून कुलसुमबीनं तिच्यासाठी वेगळी पातेली ठेवली होती. त्या पातेलीला कधी अंडंसुद्धा लागू दिलं नाही. सृष्टी तिला खाला म्हणायची, आणि आईनं मारलं की पळत खालाच्या पाठीमागं जायची.

तर, उत्कर्ष रिपोर्ट न्यायला आला. मग दोन दिवसांनी, रिपोर्ट समजला नाही म्हणून आला.

"हिमोग्लोबिन चौदा आहे. चांगलं आहे," सृष्टी म्हणाली. "यात न समजण्यासारखं काय आहे?"

"चौदाच का, ते समजत न्हाई. पंधरा व्हायला काय खावं लागंल?"

"बीट, खजूर, पालेभाजी."

"हे कुठं मिळतं?"

"मंडईत."

"मंडई कुठाय? मी गावात नवीन हाय... कुणीतरी दाखवली तर..."

तिनं हसू दाबलं. दाबलेलं हसू गालातून बाहेर येतं, आणि तेवढं त्याला पुरलं.

मंडई दाखवून झाली. मग स्टँडसमोरचा अद्रकाचा चहा दाखवून झाला, तो तर रोजच दाखवावा लागायचा. कडाक्याची थंडी पडली होती. दोन्ही हातांत कप धरून ती फुंकर घालायची आणि तो आपला चहा गार करत तिच्याकडं बघत बसायचा. येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो सास्तूरहून डबा घेऊन आला. शेतातल्या पूजेची, सगळ्या भाज्या मिसळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि बाटलीत आंबील.

"आईनं दिलंय," तो म्हणाला.

"माझ्यासाठी? तुमच्या आईला काय माहीत मी?"

"रक्त काढणारी म्हणून माहिताय. चक्कर आली ते पण सांगितलंय. लई हसली."

एकदा असाच चहा घेताना तो म्हणाला, "आमच्या गावाला गल्लीच न्हाई."

"गल्ली नाही म्हणजे?"

"भूकंपानंतर नवं गाव वसलं ना. सगळी घरं एका मापाची, रांगेत. मी लहानपणी दोनदा दुसऱ्याच्याच घरात जाऊन जेवायला बसलो होतो." तो हसला, मग थांबला. "आई अजूनपण वाट सांगती ती जुन्या गावाची सांगती. फलाण्याच्या वट्ट्यापासनं वळ, म्हणती. वट्टा कुठाय आता? म्हणून तर हे काम घेतलं मी. जुन्या गल्ल्यांतनं हिंडायला मिळतं आन् वर पगार बी देतात."

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते तिच्या. पण एकदा कॉलनी सांगून बसली होती. शिवाय तिला वाटलं, जुनी गल्ली बघायला आवडणं वेगळं आणि तिथली पोरगी करणं वेगळं. म्हणून ती म्हणाली, "काय असतंय जुन्या गल्ल्यांत? घाण आणि गर्दी. मी तर जातपण नाही तिकडं."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

जानेवारी लागला आणि एके दिवशी नको तेच झालं. सृष्टीला सुट्टी होती, दैवशालाबाई माहेरी गेल्या होत्या, म्हणून ती गिरणीवर बसली होती. केसांवर, भुवयांवर पीठ. आणि बाहेरून आवाज आला, "अप्पा, जरा टेपचं टोक धरता का?"

आवाज ओळखायला तिला क्षणभरही लागला नाही. ती ज्वारीच्या पोत्यांमागं जी गडप झाली, ती गुडघे पोटाशी घेऊन तिथंच.

"सात फूट दोन इंच," उत्कर्षचा आवाज.

"आदी आठ होती," अप्पा म्हणाले. "माणसं जाड झाली, गल्ली बारीक झाली."

मग कुलसुमबीनं त्याला आपल्या ओट्यावर नेऊन चहा दिला. मग जैनांचे शेटजी आले. मग कमानीवरच्या अक्षरांचा त्या दिवशीचा अर्थ सांगून झाला. अर्धा तास गेला. पोत्यांमागं पीठ सृष्टीच्या नाकात गेलं आणि दाबता दाबता तिला अशी काही शिंक आली की पोतं हललं.

"कोण हाय आत?" उत्कर्षनं विचारलं.

अप्पांनी वळून बघितलं. लेक तोंडावर बोट ठेवून विनवत होती. अप्पांना काहीच कळेना. पण बापच तो. "उंदीर असंल," म्हणाले.

संक्रांत पाच दिवसांवर आली तेव्हा उत्कर्ष लॅबच्या दारात उभा. "आईला बांगड्या घ्यायच्यात. मला त्यातलं काय कळतंय? चला की सोबत."

संक्रांतीच्या आधी बाजारात बांगडीवाल्यांची रांग लागते. आठ-दहा दुकानं होती, आणि त्यातून हा बाबा चालत चालत नेमका पिंपळाखालच्या दुकानापुढं थांबला. पथारीवर निळ्या पेट्या मांडून कुलसुमबी बसली होती.

 कुलसुमबीनं मान वर केली. तिचा चेहरा फुलला, हात पुढं आला. "अगे माझी..."

"मावशी," सृष्टी घाईघाईनं म्हणाली, "हिरव्या बांगड्या दाखवता का?"

पुढं आलेला हात तिथंच थांबला.

"ओळखीच्या हायत का तुमच्या?" उत्कर्षनं विचारलं.

"छे... मी कशाला येते इकडं? नाही ओळखत मी यांना."

म्हणाली ती. ज्या बाईच्या मांडीवर झोपली, ज्या बाईनं तिच्या शाळेच्या वेण्या घातल्या, तिच्या तोंडावर म्हणाली. कुलसुमबीनं एकदा त्या उंच पोराकडं, गल्ली मोजायला आलेल्या टेपवाल्याकडं बघितलं, एकदा सृष्टीकडं, आणि काय समजायचं ते समजली. तिनं हात मागं घेतला आणि दुसऱ्या कुणालाही बोलावं तशी बोलली, "बसा ताई. उन्हात नका थांबू. कोणता हिरवा पायजे? गर्द का पोपटी?"

त्याच्या आईच्या बांगड्या झाल्या. मग उत्कर्ष म्हणाला, "यांना पण भरा की मावशी. संक्रांत हाय."

"नको..." सृष्टी म्हणाली.

"भरू द्या ताई. रिकामा हात चांगला दिसत न्हाय सणाला."

कुलसुमबीनं तिचा हात हातात घेतला. समोर गिऱ्हाईक बसलं की मणेरीण आधी हात दाबून बघते, मापाची एखादी बांगडी चढवून बघते, मग जोड काढते. कुलसुमबीनं यातलं काही केलं नाही. मागच्या पेटीतून न बघता सव्वादोनचा जोड काढला. सातव्या वर्षी सृष्टीचा डावा अंगठा मोडला होता, तो तळहातात अलगद मिटून घेतला आणि त्या हाताला जपून, फुंकर घालत एकेक बांगडी चढवली. हाताला सवय होती, काय करणार! तोंडानं मात्र ती, "दुखतंय का ताई?" असंच विचारत राहिली.

बांगड्या भरून झाल्या की भरणारीच्या पाया पडायचं असतं. संक्रांतीला तर पडायचंच. सृष्टीला खालाच्या पावलांकडं बघवेना. ती तशीच उठली आणि चालायला लागली. मागून कुलसुमबीचा आवाज आला, "सुखी ऱ्हावा." सृष्टीनं मागं वळून बघितलं नाही. बांगड्या वाजू नयेत म्हणून ती हात अंगाशी धरून चालत होती.

"गप झालात," उत्कर्ष म्हणाला.

"ऊन लागलं."

जानेवारीत ऊन लागलं म्हणे. तोसुद्धा त्यावर हसला नाही. 

त्यानंतरचे दोन दिवस सृष्टीनं कसे काढले ते तिलाच माहीत. घरातून बाहेर पडायचं तर खालाच्या दारावरूनच जावं लागायचं. ती मोबाईल कानाला लावून, कुणीही बोलत नसताना, हो हो करत जायची. कुलसुमबी दारात असायची, पण हाक मारायची नाही. चोवीस वर्षांत असं झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी उत्कर्षचा मेसेज आला. 'आई संक्रांतीला तिळगूळ घेऊन येणार म्हणती. तुमच्या घरी. चालंल का? पत्ता पाठवा.'

केवढा आनंद व्हायला पाहिजे होता! तिला आधी पत्त्याची काळजी पडली. तिचा मामा बायपासकडं राहायचा, दोन मजली घर, पुढं फाटक. तिनं मामाचा पत्ता टाईप केला, पाठवला, आणि रात्रीचं जेवण होण्याआधी अप्पांना म्हणाली, "पाव्हणे येणारेत. मामाच्या घरी बसवू या का त्यांना?"

अप्पा तांब्याच्या पाण्यानं हात धूत होते. थोडा वेळ नुसते बोटं चोळत राहिले. "बसवू की," म्हणाले. "मी यायचं का नको?"

"असं काय बोलता अप्पा..."

"न्हाई, गिरणीवाला म्हणून सांगितलंस का आणिक काय सांगितलंस, ते माहीत असावं. माझ्या तोंडनं भलतं जाऊ नये."

तिनं ताटं मांडायला घेतली. 

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलसुमबी घरी आली. चार दिवसांनी पहिल्यांदाच. उंबऱ्याशीच बसली. दैवशालाबाईंनी सांगितलं होतं तिला, पाव्हणे येणार म्हणून.

"आत ये की खाला," सृष्टी म्हणाली. 

"नको गे. बोलून जाते. पोरगा चांगला हाय. डोळे साफ हायेत त्याचे." ती पदराचं टोक चाचपत होती. "मी काय म्हणते... लगीन जमलं म्हंजे चुड्याचा घोर नको करू. बायपासकडं एक कासारीण हाय. हात हलका हाय तिचा. मी सांगून ठेवते तिला. आन् पाव्हणे कदी गल्लीत आलेच, तर मी दार लावून घेत जाईन. तुला अडचण नको."

मणेर गल्लीतल्या हरेक पोरीचा लग्नचुडा कुलसुमबीच्या हातचा. मग घर कोणत्याही जातीचं असो. देवक बसलं की खालाला बोलावणं जायचं. आणि ती बाई आज तो मान आपल्या हातानं खाली ठेवून, वर दार लावून घेईन म्हणत होती.  सृष्टीनं काही बोलायच्या आत कुलसुमबी भिंतीचा आधार घेत उठून गेलीसुद्धा.

सृष्टी तिथंच भिंतीला टेकून रडली. लाज वाटत होती, आणि आता पहिल्यांदा ती योग्य जागी वाटत होती. स्वतःची. मग तिनं तोंड धुतलं आणि उत्कर्षला फोन लावला. "आहात तिथून निघा. मणेर गल्लीच्या कमानीखाली या. आत्ता."

भोगीचा दिवस होता. कमानीखालून बायकांची ये-जा चालली होती. उत्कर्ष आला तेव्हा ती दगडी खांबाला पाठ लावून उभी होती.

"मला बोलू द्या, मधे बोलू नका," ती म्हणाली. "नाहीतर परत खोटं बोलेन. पाठवलेला पत्ता मामाचा आहे. मी इथं राहते, जन्मापासून. ती गिरणी माझ्या वडलांची. आणि बांगड्या भरणारी ती बाई... तिनं मला वाढवलंय. तुम्ही विचारलंत आणि मी ओळखत नाही म्हणाले. तुमच्या आईला काय सांगायचं ते सांगा. न आल्या तरी चालेल."

एका दमात बोलली, आणि मान खाली घालून उभी राहिली.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"गिरणीत आलतो त्या दिवशीच कळालं. उंदीर इतक्या मोठ्यानं शिंकत न्हाई. आन् पोत्याखालनं तुमची चप्पल दिसत होती."

दुसऱ्या वेळी ती हसली असती. आता तिच्या कपाळावर आठी आली. "म्हणजे बाजारात... त्या दुकानाशी तुम्ही मला मुद्दाम नेलंत?"

त्यानं मान हलवली. आता लाजेनं खाली बघायची पाळी त्याची होती. "त्यांनी मला चहा दिला तवा तुमचंच कौतुक चाललं होतं. आमची सृष्टी असं, आमची सृष्टी तसं. मला वाटलं, त्यांच्यापुढं तरी तुम्ही सांगाल... आन् त्यांचा हात थांबला ना, तो बघितला मी. चांगला बघितला. तवापासनं धड जेवण न्हाई मला."

"तुम्हाला जेवण नाही! आणि तिला?" सृष्टीचा आवाज चढला. दोन बायका थांबून बघायला लागल्या. "मला बघायचं होतं तर मला विचारायचं. तोंड नव्हतं तुम्हाला? तिला कशाला मधे घातलंत? खोटं मी बोलले, फास तुम्ही लावला, आणि गळा तिचा आवळला!"

"चुकलो मी."

"मला काय सांगता? चला."

"कुठं?"

"जिथं चुकलो तिथं."

पिंपळाखाली त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. पंधरा-वीस बायका कुलसुमबीला घेरून बसलेल्या. सृष्टी त्यांच्यातून वाट काढत पुढं गेली.

"खाला."

कुलसुमबीनं वर बघितलं, मागं उभ्या उत्कर्षला बघितलं, आणि हातातली बांगडी सावरली. "बसा ताई. लंबर येईल तुमचा."

"खाला, मला ताई म्हणू नकोस."  सृष्टी मोठ्यानं बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बायांनो, ही माझी खाला आहे. हिच्या घरात मी लहानाची मोठी झाले. माझं सगळं केलं हिनं. आणि चार दिवसांपूर्वी इथंच उभी राहून मी म्हणाले, हिला ओळखत नाही. ह्या माणसापुढं मला गल्लीची लाज वाटली म्हणून. बांगड्या भरून घेतल्या आणि पाया न पडता उठून गेले. माझं थोबाड फोडायला पाहिजे."

बायकांच्या गप्पा थांबल्या. कुणीतरी, "अगं बया," म्हणालं. कुलसुमबी समोरच्या बाईचा हात धरून बसली होती. "हात ढिला सोड गं बाई," ती त्या बाईला म्हणाली आणि बांगडी चढवत राहिली. एक... दोन... तीन. सृष्टी उभीच.

शेवटची बांगडी चढवून झाल्यावर कुलसुमबी म्हणाली, "मला राग न्हाय आला गे. लाज आली. वाटलं, माझ्यातच काय तरी खोट असंल. दोन रोज आरशात बघितलं मी. कपडे मळके हायेत का, बोली कशी हाय... सत्तर वरसाची बाई, आरशात बघत बसली."

सृष्टी तिथंच तिच्या पायांवर कोसळली. हुंदके आवरेनात. कुलसुमबीनं थोडा वेळ तिला रडू दिलं, मग तिच्या पाठीवर एक जोराचा धपाटा घातला.

"बास आता. गिऱ्हाईक खोळंबलंय. मागं बस आन् ती निळी पेटी उचलून दे. अडीचची, उजवीकडची." मग तिची नजर उत्कर्षवर गेली. "आन् तू रे टेपवाल्या? माणसाला असं पारखतात व्हय? माणूस हाय ते, रस्ता न्हाय मोजायला."

"चुकलं खाला."

"खाला म्हणायचं तुझं अजून ठरायचंय. बस हितं. बांगड्यांचे दोरे तोड."

सहा फुटी माणूस मांडी घालून बसला आणि दिवस कलेपर्यंत दोरे तोडत राहिला. एक बांगडी फुटून बोटात काच गेली. रक्त बघून तो पांढरा पडायला लागला, तेव्हा सृष्टीनं पेट्यांवरून वाकून त्याचं बोट धरलं. "माझ्याकडं बघा," ती म्हणाली. डोळे सुजलेले, नाक लाल. त्यानं बघितलं, आणि बघतच राहिला. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

संध्याकाळी तिघं मिळून पेट्या घेऊन गल्लीत परतले. संक्रांतीच्या पोळ्यांसाठी गहू दळायला गिरणीवर ही गर्दी! दैवशालाबाई एकट्या डब्यांना पुऱ्या पडेनात, म्हणून सृष्टी पदर खोचून तशीच कामाला लागली. अप्पांनी उत्कर्षकडं बघितलं, ओळखलं, लेकीकडं बघितलं, आणि तोंड वळवून उगीचच जात्याचा दट्ट्या ठीक करायला लागले. जातं धडधडत होतं. त्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायचंच.

उत्कर्ष डब्यांच्या रांगेतून पुढं आला. "आई उद्या येणार!" तो ओरडला. "हितंच आणतो!"

"आणा!" ती ओरडली.

"तिला काय सांगू?"

"काय?"

"ती विचारणार! पोरीच्या मनात काय हाय म्हणून!"

"ऐकू येत नाही!"

"मी आवडतो का तुम्हाला? तेवढं सांगा!"

हे तिला ऐकू आलं होतं. पहिल्याच वेळी आलं होतं, मला विचाराल तर. पण तिनं हात कानामागं नेला, आणि त्या बिचाऱ्यानं पुन्हा, घशाच्या शिरा ताणून विचारलं. मग सृष्टीनं छातीभर श्वास घेतला आणि सगळा जीव एकवटून ओरडली,

"आवडता! लई आवडता!"

आणि तेवढ्यात लाईट गेली.

'आवडता'पर्यंत जातं फिरत होतं. 'लई आवडता' आख्ख्या मणेर गल्लीनं ऐकलं. पट्टा दोनदा फटफटला आणि गप झाला. दळणाच्या बायका डब्यांवर हात ठेवून थांबल्या. जैनांच्या शेटजींनी तराजू धरून ठेवला. अप्पा छताकडं बघायला लागले. वरच्या खिडकीतून कुणीतरी विचारलं, "कोण गं? कुणाला आवडतंय?"

सृष्टीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कानशिलं तापली, पिठातूनसुद्धा गाल लाल दिसायला लागले. लाजच होती ही. पण ही लाज तिला कुठं लपवावीशी वाटेना. ती गिरणीच्या पायरीवर आली, जिथून कमानीपासून देवळापर्यंत सगळ्यांना दिसेल.

"मी म्हणाले," ती म्हणाली.  "सोमलिंगअप्पांची सृष्टी. मला आवडतात हे. अजून कुणाला ऐकायचंय का?"

"हमको सुनाई दिया!" पहिल्या घराच्या दारातून कुलसुमबी ओरडली. "पण त्या पोराला परत सांग. ते बघ, खुळ्यावानी उभं हाय!"